बाईंनी न वाचलेली बातमी

बाई गेल्याचं मला वर्गावर असताना कळलं. शिपाई दारात येऊन म्हणाला, "सर, परभणीहून फोन हाय." फोनवर दिलीप होता, बाईंचा भाचा. त्यानं आधी माझी तब्येत विचारली, मग उन्हाचं बोलला, मग म्हणाला की मावशीला जरा जास्तच झालंय, जमलं तर येऊन जा. मी म्हणालो, "दिलीप, गेल्या का?" तर तो म्हणाला, "सर, तुम्ही आधी या तर." खरं सांगतो, दुःख नंतर झालं, आधी चीड आली. आंधळ्या माणसाला कुणी काही सरळ सांगतच नाही. वळसे घालायचे, गूळ लावायचा, हळूहळू सांगायचं... जसं काही मला डोळ्यांबरोबर काळीजही नाही. आणि गंमत बघा, ही चीड ज्यांच्यापायी मी आयुष्यभर मनात ठेवली, त्या बाईच होत्या.

सुलभाबाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. विधवा, मूलबाळ नाही, परभणीत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. मी वालूरकडच्या एका खेड्यातला. देवीच्या साथीत लहानपणीच डोळे गेले. अंधशाळेतून मॅट्रिक झालो, बोटांनी वाचायला शिकलो, आणि बी. ए. ला परभणीत आलो तर इथं बोटांनी वाचायला एकही पुस्तक नाही. कुणीतरी वाचून दाखवायचं तेव्हा मी शिकायचं, असा मामला. एका प्राध्यापकांनी बाईंचं नाव सुचवलं. बाई ब्राह्मण, मी बौद्ध. पहिल्याच दिवशी चहा मिळाला, पण तो कोणत्या कपात मिळाला हे मला दिसणार कसं? मग मी धांदरटपणाचं सोंग करून बाईंच्या कपाला हात लावून बघितला. दोन्ही कप सारखेच निघाले. त्यांच्या कपाचा तर कान फुटलेला होता. मी थोडा ओशाळलो, पण चाचपून बघितल्याचा पस्तावा काही झाला नाही. बघावंच लागतं.

वाचणाऱ्या म्हणून बाईंनी मला लय बेजार केलं. चौथीच्या पोरांना वाचून दाखवल्यासारखं त्या वाचायच्या. वाक्य संपलं की थांबायचं, "समजलं का?" विचारायचं, मी "हो" म्हणालो तरी तेच वाक्य पुन्हा. एखादा राजा आवडला नाही तर त्याचं नाव असं फेकायचं, जणू त्यानं यांचीच शेती बुडवली. पुढं कॉलेजनं टेपरेकॉर्डर दिला तर त्या बटणाची भीती. दोन बटणं एकदम दाबायची म्हणून सांगितलं तर एकच दाबायच्या आणि तासभर हवेतच वाचून मोकळ्या व्हायच्या. लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. बाहेरचे आवाज तर विचारूच नका. आजसुद्धा मी वर्गात फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं सांगायला लागलो की मध्येच कल्हईवाल्याची आरोळी डोक्यात वाजते. पण घसा बसला तरी त्या वाचायच्या, लवंग चघळून वाचायच्या, आणि कधी "आज नको" म्हणाल्या नाहीत. हे खोटं कशाला बोलू?

सकाळचा क्रम ठरलेला. आधी पेपर, मग पुस्तक. पेपर म्हणजे माझा जीव. वसतिगृहातली पोरं पेपर वाचायची ती आपापल्या डोळ्यांनी, मनातल्या मनात. मला गावाकडचं काही कळायचं ते बाईंच्या तोंडूनच. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. वसतिगृह निम्मं रिकामं झालं, एसटी बंद, जो तो दबक्या आवाजात बोलायचा. मी मात्र सकाळी काठी टेकत बाईंकडं जायचो, कारण खरं काय ते तिथंच कळणार होतं. अमुक शहरात दगडफेक, तमुक ठिकाणी बंद, असं त्या वाचायच्या. एक सकाळ मला चांगली आठवते. पोळ्याला गावी जायचं माझ्या मनात होतं आणि तेच मी बाईंना सांगत होतो. आई काय करते, भावाची बैलं कशी आहेत... मग मी विचारलं, "बाई, आमच्या भागातलं काही आलंय का?" पेपराची घडी वाजली. बाई म्हणाल्या, "काही नाही. कापसाचं आलंय, वाचू का?" आणि त्यांनी कापसाची बातमी वाचली. सगळी, शेवटच्या ओळीपर्यंत.

नंतर एका दुपारी माझा थोरला भाऊ वसतिगृहावर आला. त्याच्या अंगाला जळक्या लाकडाचा वास होता. आमच्या वस्तीतली घरं जाळली होती, त्यात आमचंही होतं. आई ओढ्याकाठच्या झुडपात लपून वाचली होती. भाऊ हे सगळं अगदी सपाट आवाजात सांगत होता, मी रडत होतो, आणि मध्येच तो थांबून म्हणाला, "पेपरात आलंय की रं. तुला कुणी वाचून दाखवलं न्हाई?"

पेपरात आलंय की. सगळ्या जिल्ह्यानं वाचलं. चहावाल्यानं वाचलं, पानवाल्यानं वाचलं, ज्यांना आमच्या घराशी काही देणंघेणं नाही त्यांनी वाचलं. ज्याचं घर जळालं तो कापसाचे भाव ऐकत चहा पीत बसला होता. मी तसाच बाईंकडं गेलो. त्यांनी नाकारलं नाही. म्हणाल्या, गाड्या बंद होत्या, रस्ते धड नव्हते, तू जाऊन करणार काय होतास? मी म्हणालो, "बाई, जायचं का न्हाई ते मी ठरवलं असतं. तुमी नुसतं वाचायचं होतं." मी पुन्हा येणार नाही असं सांगून निघालो.

आणि परत गेलो. हे लिहिताना आजही दात खावेसे वाटतात. एक मित्र थोडे दिवस वाचायला बसला, मग त्याला सिनेमा आठवला. दुसऱ्याला वाचता वाचता झोप यायची. परीक्षा तोंडावर होती. डोळस माणूस रागावला तर कायमचा रागावू शकतो. मला तेवढी चैन परवडत नव्हती. बाईंच्या दारात उभा राहिलो तर त्या एवढंच म्हणाल्या, "ये. आजपासून छापलेलं सगळं वाचीन." आणि वाचलं हो! टायरांच्या जाहिराती, हरवले-सापडले, पान नंबर, छापखान्याचा पत्तासुद्धा. ही माफी होती की टोमणा, ते मला कधी उमगलं नाही. माझा विश्वास मात्र बसला नाही तो नाहीच. कॅसेट ऐकताना मध्येच बटण दाबल्याचा खट् आवाज आला की मी चमकायचो. पाणी प्यायला थांबल्या, की काही गाळलं? पुढं एम. ए. झालो, तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायला लागलो, पोरांना अधिकारवाणीनं काय काय सांगतो, पण मनात ती खट् राहिलीच.

यंदा विद्यापीठाचं नाव बदललं, त्यानंतर थोड्या दिवसांनी मी त्यांना भेटायला गेलो. अंथरुणाला खिळल्या होत्या. तरी चष्मा मागवला आणि पेपर वाचून दाखवला, थांबत, धाप टाकत. मग मी इतक्या वर्षांचं एकदाचं विचारलं, "बाई, तेव्हा का गाळलंत?" त्यांनी पाणी मागितलं. मी पेला हातात दिला. त्या पाणी प्याल्या आणि उत्तर न देता झोपी गेल्या. ती शेवटची भेट. कसला राग आला म्हणून सांगू! सोळा वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न, आणि त्याचं उत्तर घेऊन बाई निघून गेल्या.

शोकसभेत जो तो उठून म्हणत होता, बाईंनी आंधळ्यांना डोळे दिले. डोळे बिळे काही दिले नाहीत हो, आवाज दिला, आणि तोही एकदा चोरला. मी असं बोलणार हे दिलीपच्या लक्षात आलं असावं. हा लेख लिहिणार म्हणालो तर तो हळूच म्हणाला, "सर, छान लिहा. ते पेपरचं तेवढं गाळा ना." मला हसू आलं. खानदानी सवय दिसते!

गाळलं नाही. काल मी सांगत गेलो आणि माझी बायको सुमन लिहून घेत गेली. आज ती मला सगळं वाचून दाखवत होती. पोळ्याचं बोलत होतो त्या सकाळपर्यंत आली, जरा थबकली आणि एकदम शोकसभेवरच गेली. मी म्हणालो, "मधलं कुठंय?" ती नुसते कागद चाळत राहिली. मी आवाज चढवला. म्हणालो, माझंच लिहिलेलं मलाच गाळून वाचतेस? दिलीपनं सांगितलं का तुला? तर ती म्हणाली, "दिलीपचं काय घेऊन बसलात? काल लिहिताना माझी मान खाली व्हती. आता वर बघितलं, तर तुमचं तोंड बघून पुढं वाचू वाटंना."

माझं तोंड कसं दिसतं हे मला माहीत नाही. त्यावर काय उमटतं, कधी उमटतं, हेही माहीत नाही. माझ्यासमोर बसून वाचणाऱ्याला कागदाबरोबर तेही वाचावं लागतं, हे इतक्या वर्षांत कधी डोक्यातच आलं नव्हतं. बाई अगदी समोर बसायच्या... गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या. त्या सकाळी आईचं, बैलांचं सांगताना माझं तोंड कसं झालं असेल, कोण जाणे. बाईंना ते दिसलं असणार. म्हणून त्यांनी केलं ते बरोबर ठरत नाही. घर माझं होतं, आई माझी होती, बातमी माझी होती. पण हे मनात येताना माझ्या तोंडावर जे उमटलं ते सुमनला दिसलं असणार, कारण तिनं कागद बाजूला ठेवल्याचा आवाज आला.

"उचल तो," मी म्हणालो. "माझ्या तोंडाकडं बघू नको. कागदाकडं बघ, आणि वाच."