ग्रस्त आणि पीडित

जुलैतला दुसरा सोमवार, दुपारचे सव्वादोन. जागा: लातूर, पुतणीची भाड्याची खोली. हजर: मी, नांदेडहून सकाळच्या एसटीने आलेली, माझा थोरला भाऊ, गावाकडून आलेला, आणि त्याची मुलगी, तीन वर्षं इथे क्लास लावून सरकारी नोकरीच्या परीक्षा देणारी. गैरहजर: वहिनी. ती गावी होती, आणि घरच्या दाखल्यांच्या पेटीची किल्ली तिच्याकडे होती.

पुतणीचं नाव निवड यादीत लागलं होतं. आता कागदपत्रं तपासायला बोलावणारं पत्र ईमेलने यायचं होतं. ते चुकलं तर जागा पुढच्या उमेदवाराला. त्यासाठीच आम्ही जमलो होतो, आणि सकाळी मेल आला होता.

"दाब की लवकर," दादा म्हणाला. "चारला बंद होणार हाय म्हणून लिवलंय."

"थांब. मला आधी वाचू दे."

"वाच, वाच. वाचून यादी कर. आमची बाई झोपेतबी यादी करती," तो पुतणीला म्हणाला.

पुतणी हसली नाही. तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. वर राजमुद्रेसारखं काहीतरी छापलेलं, खाली मजकूर: भूकंप पीडित कोट्यातून आपली निवड झाली आहे. चार वाजेपर्यंत खालील लिंकवर ईमेल आणि पासवर्ड भरावा, अन्यथा निवड रद्द.

मी तो दोनदा वाचला. दुसऱ्यांदा एका शब्दापाशी अडले.

आमचं घर पडलं तेव्हा मी दहावीत होते. त्या वर्षापासून आमच्या नावाआधी एक शब्द लागला. पत्र्याच्या शेडच्या दारावर, रेशनच्या यादीत, माझ्या शाळेच्या फॉर्मवर, बाबांच्या दाखल्यावर, सगळीकडे तोच. भूकंपग्रस्त. पीडित आम्हाला कुठल्याच कचेरीने कधी म्हटलं नव्हतं.

"दादा, आपल्या दाखल्यावर काय लिहिलंय?"

"भूकंपग्रस्त. हे काय इचारणं झालं?"

"मग हे वाच."

त्याने डोळे बारीक करून वाचलं. "पीडित? हे कोण लिवलं? आपल्यातलं न्हाई हे."

मग मी पाठवणाऱ्याचा पत्ता उघडून पाहिला. नाव कार्यालयाचं, पण पत्ता भलताच, अक्षरं आणि आकड्यांची गिचमीड. पण आपण भूकंपग्रस्त आहोत हे खोटा मेल पाठवणाऱ्यांना कळलं कसं? पुतणीने खाली बघत सांगितलं, की मोफत मार्गदर्शन मिळेल म्हणून तिने एक ऑनलाइन फॉर्म भरला होता. त्यात प्रवर्ग, आरक्षण, सगळं होतं.

"आत्या," ती म्हणाली, "मी सकाळी एकदा पासवर्ड टाकला होता. पुढचं पान उघडलं नाही, म्हणून तुमची वाट बघत राहिले."

दादा उठून खिडकीपाशी गेला.

मी कागद घेतला. एक, पासवर्ड बदलणे. तो तिथल्या तिथे बदलला. दोन, कार्यालयाला फोन. मेलमधल्या नंबरवर नाही, मूळ जाहिरातीवरच्या. तिथे जेवणाची सुट्टी चालू होती. तीन वाजता एका बाईंनी फोन घेतला. "पत्रं बुधवारीच गेली सगळ्यांना. मेल नीट बघा."

नीट बघितला. इनबॉक्समध्ये नव्हतं, जंकमध्येही नव्हतं.

"तू काही सेटिंग केलं होतंस का?"

तिला आठवलं. क्लासवाल्यांचे दिवसाला वीस-वीस मेल यायचे: मेगा भरती बॅच, भरती स्पेशल, भरती धमाका. कंटाळून तिने फिल्टर लावला होता: 'भरती' हा शब्द दिसला की मेल थेट ट्रॅशमध्ये. खोट्या मेलमध्ये तो शब्दच नव्हता. म्हणून तो मेल वर येऊन बसला.

ट्रॅश उघडला. बॅच, बॅच, धमाका, बॅच. मी बोटाने एकेक ओळ खाली सरकवत होते. मग: सरळसेवा भरती, कागदपत्र पडताळणी. उद्या सकाळी अकरा. भूकंपग्रस्त दाखल्याची मूळ प्रत सोबत आणावी.

दादाने वहिनीला फोन लावला. "पेटी उघड. बाबांचा दाखला काढ. उद्या पहिल्या गाडीनं थेट कचेरीत ये, आन् पिशवीत नको, छातीशी धर."

ती येईपर्यंत मी फिल्टर काढून टाकला. नवा शब्दावर नाही, क्लासवाल्यांच्या पत्त्यांवर लावला. अनोळखी मेलमधलं 'नको असल्यास इथे दाबा' दाबायचं नाही, नुसता जंकमध्ये टाकायचा, आणि जंक दर रविवारी चाळायचा, हे भिंतीवर लिहून चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी अकराला दहा मिनिटं असताना वहिनी दाखल्यासह कचेरीच्या दारात उभी होती. पडताळणी झाली. नेमणुकीचं पत्रही याच ईमेलवर येणार, असं तिथे सांगितलं.

यादीत सहा कामं होती, पाचांवर काट मारली. सहावं पासवर्ड बदलताना सापडलं होतं. अकरावीत असताना पुतणीचा ईमेल आयडी नेट कॅफेवाल्याने काढून दिला होता, आणि पासवर्ड विसरला तर कोड जाण्यासाठी त्याने स्वतःचा नंबर टाकला होता. तो नंबर बदलायचा तरी कोड त्याच नंबरवर जातो. कॅफेच्या जागी आता झेरॉक्सचं दुकान आहे. त्या कॅफेवाल्याला रोज सकाळी दहाला मी नांदेडहून फोन लावते. फोन बंद आहे.