दाराला टेकवलेलं फ्लायव्हील

आमच्या घरात लेकीच्या खोलीच्या दाराला एक लोखंडी चाक टेकवून ठेवलेलं आहे. दिसायला जेवणाच्या ताटाएवढं, वजनाला नऊ किलो. माझ्या पायाची करंगळी त्यावर इतक्यांदा ठेचकाळली आहे की आता ती सवयीने आधीच आखडते. घरी आलेले लोक विचारतात, हे काय आहे? मी सांगते, आमच्या गाडीचं फ्लायव्हील. मग ते माझ्याकडे बघत राहतात आणि मी यांच्याकडे बोट दाखवून मोकळी होते.

आमचे हे गाड्यांचे मेकॅनिक. एकतीस वर्षं एकाच गॅरेजमध्ये काढली. नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखतात, बायकोचा आवाज मात्र तिसऱ्या हाकेला ऐकू येतो. स्वभावाने गरीब, पण एका गोष्टीवरून यांचं डोकं फिरतं: हाफ क्लच. लोक क्लचच्या पेडलवर पाय टेकवून गाडी हाकतात, प्लेट जाळून आणतात आणि वर गाडीलाच नावं ठेवतात. असा कोणी समोर आला की हे म्हणणार, "अहो, डावा पाय ठेवायला बाजूला जागा दिलीय. पेडल म्हणजे पाट नव्हे." मला गाडी शिकवायला घेतली तेव्हा हे वाक्य मी एका सकाळीत एवढ्या वेळा ऐकलं की दुसऱ्या दिवशी मी शिकणंच सोडलं. तेव्हापासून हेच मला रोज दवाखान्यात सोडतात. तिथे मी पेशंटची नावं लिहून घेते.

लेक सगळी यांच्यावर गेली. शाळा सुटली की दप्तरासकट गॅरेजमध्ये. पुढे इंजिनीअर झाली आणि तिच्या डोक्यात एक खूळ शिरलं. आमच्या गाडीचं फ्लायव्हील काढून हलकं बसवायचं. मला तिने ओट्याशी उभं राहून समजावलं. इंजिनाच्या मागे हे चाक फिरत असतं. ते जड असतं म्हणून इंजिन शांतपणे चालतं, मध्येच गचके खात नाही. हलकं लावलं की पाय दाबायचा अवकाश, इंजिन झपकन उसळी घेतं.

"आणि तोटा काय ते सांग की आईला," हे बाहेरून म्हणाले.

"निघताना जरा जास्त पेट्रोल द्यावं लागतं, नाहीतर बंद पडते."

"म्हणजे भर चौकात आईला मागच्यांचे हॉर्न ऐकवणार."

दोन वर्षं बापलेकीची ही हुज्जत चालली. शेवटी एका रविवारी हे आपण होऊन म्हणाले, "आण तुझं ते हलकं चाक."

फ्लायव्हीलपर्यंत पोचायचं तर आधी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि चढवताना त्याचा दांडा क्लचच्या बरोबर मधोमध जावा लागतो. एकाने खालून तोलायचं, दुसऱ्याने वरून बघायचं. मी चहा घेऊन गेले तर हे गाडीखाली पाठीवर पडलेले आणि लेक वरून हुकूम सोडतेय. "जरा डावीकडे बाबा. थोडं वर. आता थांबा." आणि हे थांबत होते! जन्मात कुणाचं न ऐकलेला माणूस. संध्याकाळी दोघं एक चक्कर मारून आले तेव्हा यांच्या गालाला ग्रीस होतं आणि हसू आवरत नव्हतं. काढलेलं जड चाक लेकीने घरी आणून तिच्या दाराला लावलं, कारण ते दार आपोआप लागतं. म्हणाली, एवढं लोखंड भंगारात कशाला घालायचं.

चार महिन्यांनी ती गेली. शर्यतीच्या गाड्या जिथे बांधतात अशा एका ठिकाणी तिला नोकरी लागली. विमानाने जायचं, तेही दोनदा बदलून. निघताना मला मिठी मारली आणि यांना म्हणाली, "बाबा, हा क्लच गेला की मला कळवा. मी येते, गिअरबॉक्स आपण दोघं उतरवू. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका."

"माझ्या हातात क्लच आठ वर्षं जातो," हे ऐटीत म्हणाले.

"मग आठ वर्षांनी," ती हसून म्हणाली. हेही हसले. घरी येताना गाडी तीनदा बंद पडली.

पहिलं वर्ष फोनवर गेलं. दुसऱ्या वर्षी तिची सुट्टी एकदा ठरून रद्द झाली, मग पुन्हा ठरून पुन्हा रद्द झाली. चौकातल्या गचक्यांनी माझी कंबर धरायला लागली. मी यांच्यामागे भुणभुण लावली, "अहो, ते जुनं चाक परत बसवा ना." हे म्हणायचे, बघू.

आणि एके दिवशी सकाळी दवाखान्याच्या वाटेवर माझं सहज खाली लक्ष गेलं. यांचा डावा पाय पेडलवर होता.

मला वाटलं, पायात गोळा आला असेल. दुसऱ्या दिवशीही पाय तिथेच. तिसऱ्या दिवशी सिग्नलला चढावर गाडी ब्रेकवर धरायची सोडून यांनी ती हाफ क्लचवर तोलून धरली. ज्यावरून गिऱ्हाइकांना फाडून खातात, तेच हे मन लावून करत होते. माझ्या तोंडावर आलं होतं, पेडल म्हणजे पाट नव्हे. पण मी काचेबाहेर बघत बसले. कारण काय चाललंय ते मला कळलं होतं, आणि खरं सांगायचं तर मीही रोज गाडीत बसले की नाक वर करून जळका वास येतोय का ते बघू लागले होते. मलाही ती हवी होती. फोनमधली नको, ओट्याशी उभी राहून बडबडणारी हवी होती.

अकरा महिने लागले. दवाखान्याच्या अलीकडच्या चढावर इंजिन नुसतं ओरडायला लागलं, गाडी काही पुढे सरकेना आणि तो वास आला. मी यांच्याकडे बघितलं. परीक्षा पास झाल्यासारखा चेहरा. गाडी कडेला ढकलली, आणि हातही न पुसता यांनी फोन लावला. मी शेजारीच होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"अगं, क्लच गेला."

"गेला? तीन वर्षं पण नाही झाली," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही पेडलवर पाय ठेवत होता का?"

"छे गं," हे म्हणाले. गाडीच्या बाबतीत या माणसाला खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

पलीकडे ती नाक ओढत होती. "बाबा, मला नाही येता येणार आत्ता. इथे एवढ्यात कुणालाच सोडत नाहीत. तुम्ही गॅरेजमधल्या कुणाला तरी घ्या मदतीला. आणि उघडताच आहात तर जुनं चाक बसवून टाका. आईच्या कंबरेला बरं पडेल."

"हो. बरोबर आहे तुझं," हे म्हणाले. "जेवलीस का?"

गाडी ओढून गॅरेजला नेली. दुपारी चाक न्यायला हे घरी आले. लेकीच्या दाराशी वाकले, दोन्ही हातांनी चाक उचललं आणि छातीशी धरून वळले. मागे दार आपलं आपण हलत हलत आलं आणि खट्‌कन लागलं.

हे तिथेच उभे. नऊ किलो हातात धरून, बंद दाराकडे बघत.

मी पुढे होऊन दार पूर्ण उघडलं. म्हटलं, "ठेवा ते खाली."

"अगं, तुझी कंबर."

"मी बसने जाईन. गाडी राहू दे तशीच उभी, ती येईपर्यंत."

यांनी चाक खाली ठेवलं, दाराला नीट टेकवलं, आणि दार हलत नाही ना, ते दोनदा ओढून पाहिलं.