गाडीची कंबर

ग्रीस आणि किस्से गॅरेजात आपोआप साठतात, आणि एकदा अंगाला लागले की निघत नाहीत. स्वातंत्र्यानंतरची काही वर्षं मी ठाण्यात फिटर होतो. आमचे मिस्त्री पास्कूमामा, बाळकुमचे ख्रिश्चन. त्यांचे किस्से ढीगभर आहेत, म्हणून एकाच गाडीचे सांगतो.

गाडी लेले डॉक्टरांची. कापडी हुड, लाकडी आऱ्यांची चाकं, वय माझ्याहून जास्त. डॉक्टर तिच्यातून गावोगाव बाळंतपणं करत फिरायचे. एक दिवस तिचा मागचा अ‍ॅक्सल तुटला. मुंबईहून एक मोटारवाले साहेब येऊन बघून गेले. म्हणाले, असला पार्ट आता विलायतेतही मिळायचा नाही, भंगारात काढा. डॉक्टरांचा चेहरा पडला, कारण गाडी गेली की गावंही सुटणार होती.

पास्कूमामा चाकाशीच बसून होते. "कंबर मोडली म्हणून माणूस भंगारात काढतात काय, डॉक्टर?" अ‍ॅक्सलला ते कायम कंबरच म्हणायचे.

*

कल्याणच्या छावणीतलं लढाईचं सामान तेव्हा विकायला निघालं होतं. मामांनी त्यातला एका ट्रकचा अ‍ॅक्सल हेरला आणि शहाडच्या सिंधी लेथवाल्याकडून मापात कातून घेतला. तो खांद्यावर टाकून आम्ही निघालो, तर कल्याणात हवालदारानं अडवलं. हे काय? मामा म्हणाले, कंबर. कोणाची? डॉक्टरांची.

हवालदारानं घाईघाईनं रस्ता मोकळा करून दिला.

*

आमच्याकडे गाडीला डावी-उजवी बाजू नव्हती. खाली झोपलं की डावं-उजवं गोंधळतं, म्हणून मामांनी डोंगराकडची आणि खाडीकडची अशी नावं पाडली होती. सुट्या केलेल्या भागांवर मी खडूनं 'डों' आणि 'खा' लिहायचो.

मध्येच दसरा आला. मामा पक्के चर्चला जाणारे, पण हत्यारांची पूजा चुकली तर जेवायचे नाहीत. गाडीचं तोंड दक्षिणेला होतं. तशी पूजा कशी करायची? आठ जणांनी उचलून ती उत्तरेला फिरवली. पूजा झाली आणि खडूची अक्षरं बघून आम्ही अख्खी कंबर चढवली. गाडी फिरली होती, अक्षरं फिरली नव्हती.

डॉक्टर झेंडूचा हार घातलेल्या गाडीत बसले. पहिला गिअर टाकला, गाडी ऐटीत मागे गेली. दुसरा टाकला, आणखी जोरात मागे गेली!

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी खडू खिशात घातला.

*

तेवढ्यात बाळकुमहून एक जण सायकलवर धापा टाकत आला. त्याची बायको अडली होती, बाळाचा पाय आधी आला होता. उलटी बसलेली कंबर पुन्हा उघडायला अर्धा दिवस हवा होता. पुढे जायला फक्त रिव्हर्स उरला होता, तोही बैलगाडीच्या चालीचा.

डॉक्टर म्हणाले, "पास्कू, उलटीच घे."

मामा मान वळवून चालवत होते, मी मागच्या सीटवर उभा राहून रस्ता सांगत होतो. डावं-उजवं म्हणालो असतो तर शेतात गेलो असतो. मी ओरडत होतो, "डोंगराकडे! खाडीकडे!" गाडी कशीही जावो, डोंगर आणि खाडी जागच्या हलत नाहीत. बाळकुमपर्यंत आम्ही पाठमोरे, भरधाव गेलो.

मुलगी झाली, पायाळू. आई-लेक सुखरूप. मला रडू आलं, ते सांगायला लाज वाटत नाही.

डॉक्टर हात धुताना म्हणाले, "आज मुलगी आणि गाडी, दोघीही पायांकडून आल्या."

*

कंबर आम्ही नंतर सुलटी बसवली आणि गाडी कित्येक वर्षं धावली. मुलगीही चार वर्षांची झाली. पायाळूची लाथ लागली की धरलेली कंबर सुटते, म्हणून अख्खं बाळकुम तिच्या दारात येऊन पालथं पडायचं. मामासुद्धा.

एकदा तेच मुंबईचे साहेब नवी कोरी गाडी घेऊन तिथून चालले होते. नेमकी तिच्या दारासमोर मागची चाकं जाम झाली. आम्हाला बोलावलं. दोन तास खाली झोपून बघितलं, सगळं जागच्या जागी, पण चाकं हलेनात. शेवटी मामा घरात गेले आणि मुलीला कडेवर घेऊन आले. तिनं सवयीनं पाय उचलला आणि गाडीच्या मागच्या बाजूला हळूच एक लाथ मारली.

मी ढकलून बघितलं. गाडी अलगद पुढे सरकली.

साहेबांनी विचारलं, नेमकं बिघडलं काय होतं?

मामांनी हात पुसले. "कंबर धरलेली, साहेब. भंगारात काढू नका."