दोन बेअरिंगांच्या मधली नळी

मोटरसायकलच्या मागच्या चाकातून घुमल्यासारखा आवाज यायला लागला, तेव्हा मी आप्पांना सांगायलाच नको होतं. कोल्हारहून राहात्याला मी रोज याच गाडीवर जाते, तिथल्या एका दवाखान्यात नर्स आहे. रस्त्यातले खड्डे बघता बेअरिंग जाण्यात नवल काही नव्हतं. गॅरेजला टाकली असती तर तासाभरात मोकळी झाले असते. पण माझे वडील साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर होते, आणि घरच्या गाडीला परक्याचा हात लागलेला त्यांना खपत नाही.

"घरीच करू," ते म्हणाले.

"कोण करणार?"

"तू. मी सांगतो."

गेल्या वर्षी त्यांना लकव्याचा झटका येऊन गेला. उजव्या हातातली ताकद गेली ती आलीच नाही. बोलणं आलं, तेही मी रोज संध्याकाळी समोर बसवून एकेक शब्द घोकवून घेतला म्हणून. त्या शब्दांचा उपयोग ते माझ्यावर ओरडायला करतील, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

राहात्याच्या दुकानात बेअरिंगं आणि त्यांच्या मधे बसणारी लोखंडी नळी मागितली, तर दुकानदार म्हणाला, "मिस्त्रीला पाठवा, तो बघून नेईल." मिस्त्री मीच आहे म्हटल्यावर तो माझ्या मागे कुणी उभं आहे का ते बघू लागला.

रविवारी सकाळी आईने फ्रीज उघडला आणि तिथूनच विचारलं, "मटाराशेजारी हे काय ठिवलंय?"

"बेअरिंग हाय," आप्पा म्हणाले. "गारठ्यानं आकसतं. मंग नीट बसतं."

"आता फ्रीज बी वर्कशॉपला दिला म्हना."

अंगणात चाक काढलं. आप्पा खुर्चीवर, मी खाली गोणपाटावर. जुनी बेअरिंगं गंजून चाकाला चिकटली होती. आतली नळी जरा बाजूला सरकवायची, फटीतून छिन्नी घालायची आणि बेअरिंगच्या कडेला घाव मारायचे, असं ते काम. माझा एकही घाव त्यांना पटत नव्हता.

"मनगट सोड. लाटणं न्हाई ते."

"सोडलंय."

"न्हाई सोडलं. एकाच जागी नको मारू. फिरवून मार."

घामाने चष्मा घसरत होता आणि तो वर सारायला तेलकट हातांशिवाय काही नव्हतं. दोन्ही बेअरिंगं निघेपर्यंत माझं डोकं तापलं. नवी नळी ताटलीत काढून ठेवली आणि गार बेअरिंग एका बाजूने ठोकायला घेतलं. ते तिरपं जातंय असं आप्पा म्हणत होते, सरळ जातंय असं मी.

"आप्पा, तुम्ही जरा गप्प बसता का?"

ते गप्प बसले. मी रागारागाने चाक उलटं केलं, दुसऱ्या बाजूचं बेअरिंगही ठोकून बसवलं, चाक गाडीला चढवलं आणि नट आवळला. चाक फिरेना. नट सैल केला की फिरायचं, आवळला की जाम.

आप्पांनी नुसतं डाव्या हाताने ताटलीकडे बोट दाखवलं. नळी तिथेच होती. मधे नळी नसल्यामुळे नट आवळला की दोन्ही बेअरिंगं आत चेपली जात होती.

"तुम्हाला दिसत होतं?"

"आत्ता दिसलं."

"मग आधी का नाही दिसलं?"

"तू गप बस म्हनलीस."

आई दारात येऊन उभी राहिली, आमची तोंडं बघितली आणि आल्या पावली आत गेली.

चाक पुन्हा उतरवलं. एक बेअरिंग काढताना आतल्या कडीवर घाव बसले आणि ते खरखरू लागलं. आप्पा म्हणाले, चालंल. मी म्हटलं, चालणार नाही. या एका गोष्टीत मी हटले नाही. शेजाऱ्यांची स्कूटर मागून गावातल्या दुकानातून दुसरं बेअरिंग आणलं. परत आले तर आप्पा गोणपाटावर उतरून बसलेले, डाव्या हातात हातोडा.

"द्या इकडं," मी म्हटलं.

"तू धर. मी मारतो."

"डाव्या हाताने?"

"मंग कुठल्या?"

वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं. आधी नळी आत सोडली, ती दोघांनीही वाकून बघितली. घाव थेट नव्या बेअरिंगवर बसू नये म्हणून त्यावर जुनं बेअरिंग टेकवून मी दोन्ही हातांनी धरलं. पहिला घाव माझ्या अंगठ्यावर बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. आप्पांनी हातोडा खाली ठेवला.

"मारा," मी म्हटलं.

"लागलं तुला."

"मारा, आप्पा. मी किती वेळ धरून बसू?"

त्यांनी मारलं. घाव वेडेवाकडे पडत होते, पण माझ्यापेक्षा कमी घावांत बेअरिंग आत गेलं. शेवटी आवाज बदलला, बोदा होता तो टणक झाला; बेअरिंग तळाला टेकलं होतं. नट आवळल्यावरही चाक सुरळीत फिरलं. आप्पा ते थांबेपर्यंत बघत राहिले आणि मग मला हात देऊन उठवायला सांगितलं.

सोमवारी गाडी निमूट चालली. अंगठा टम्म सुजला होता. इंजेक्शन भरताना कळ येत होती. पोचून पाच-दहा मिनिटं होतात तोच आप्पांचा फोन आला.

"चाकाला हात लावून बघितला का? गरम हाय का?"

"आप्पा, इथं रांग लागलीय."

"बघून सांग. बेअरिंग तिरपं बसलं आसंल तर तापतं."

पेशंटला थांबवून मी बाहेर गेले, गाडीपाशी वाकून हात लावला. गार होतं. तसं सांगितलं.

"मंग ठीक," म्हणाले, आणि अंगठ्याचं न विचारताच फोन ठेवला.