गुरुवारची काकडी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवापुढे तर मुळीच नाही. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. आणि सगळं वाचून तुम्ही ‘जाऊ द्या हो बाई, एवढं काय त्यात’ असं म्हणालात, तरी ते माझ्या कानावर पडणार नाही म्हणून. तसं म्हणूही नका. मला राग येईल.

राग मला हल्ली सारखाच येतो. दूधवाल्यावर येतो, जिन्यात चपला काढणाऱ्यांवर येतो. नवरा म्हणतो, रिटायर झाल्यापासून तू फार तापट झालीस. रिटायर झाल्यापासून नव्हे — पण हे त्याला कसं सांगू? गुरुवारी सकाळी दाराची बेल वाजली की मग दिवसभर जो समोर येईल त्याच्यावर मी खेकसत राहते.

आधी समितीचं सांगते. बदलापुरात बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून मी निवृत्त झाले, आणि वर्षभरात मला शहराच्या परसबाग समितीवर घेतलं. गॅलरीत, गच्चीवर, अंगणात घरापुरती भाजी लावणाऱ्यांना छोटंसं अनुदान द्यायचं, असं ते काम. आम्ही पाच जण, बहुतेक निवृत्त. अर्ज आला की दोघांनी त्या घरी जायचं, लागवड बघायची, अर्जदाराबरोबर लागवडीशेजारी उभं राहून फोटो काढायचा आणि अहवाल द्यायचा. अध्यक्ष अण्णा. त्यांचं आडनाव सांगत नाही, कारण हा त्यांचा कबुलीजबाब नाही. अण्णा बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, गोड बोलणारे, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारे. हो, खरंच धावणारे. तुम्हाला वाटत असेल आता मी त्यांना खलनायक करणार. तसं असतं तर फार सोपं झालं असतं.

समितीत एक रीत पडून गेली होती. कुठल्या नियमात नव्हती, आपोआप पडली. ज्या घरी जाऊ तिथलं, तिथंच पिकलेलं काहीतरी खायचं. कुणी टोमॅटो चिरून मीठ लावून देई, कुणी पुदिन्याचा चहा करी. अण्णा म्हणायचे, “चव हाच खरा अहवाल, बाई. बाकी सगळे कागद.” आणि आधी खायचे, मग कागद काढायचे. मला ती रीत आवडायची. शिवमंदिराजवळच्या एका आजींनी अळूवडी खायला घातली होती, तिची चव अजून आठवते.

तर त्या गुरुवारी — चार पावसाळे झाले त्याला — आमच्याकडे दोन घरं होती. पहिलं खरवईला, नव्या टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर. अण्णांच्या सकाळच्या फिरण्यातले स्नेही. गॅलरीत चार कुंड्या: एक कढीपत्ता, एक ओवा, दोन मिरच्या. बस्स. पण त्यांच्या मिसेसनी ओव्याच्या पानांची भजी गरमागरम तळून आणली. अण्णांनी सहा खाल्ली. मी चार. हा हिशोब मुद्दाम लक्षात ठेवा.

मग रिक्षाने मांजर्लीला निघालो. रिक्षात अण्णांनी पुढचा अर्ज उघडला, आडनावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “कांबळे.” एवढंच. अर्जाची घडी घालून खिशात ठेवली आणि बाहेर बघत बसले. मी काय केलं? मीही दुसऱ्या बाजूने बाहेर बघत बसले. एका शब्दात सगळं बोलून झालं होतं आणि मला ते सगळं कळलं होतं. ‘मला कळलंच नाही’ असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

सुजाता कांबळे चाळिशीची असेल. उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात शिलाई करते. मांजर्लीत लिफ्ट नसलेल्या जुन्या चार मजली इमारतीत तळमजल्यावर राहते. दारातून आत गेलं की समोर बुद्धांची तसबीर, आणि बाहेरच्या भिंतीवर छातीइतक्या उंचीवर एक तपकिरी रेघ — नदीचं पाणी जिथवर चढलं होतं तिथवरची. अण्णा गुडघ्यांमुळे खालीच थांबले. तिच्याबरोबर गच्चीवर मी एकटी गेले.

काय सांगू तुम्हाला! त्या बाईने कारखान्यातले फेकायचे जीन्सचे पाय आणून, खालून शिवून, त्यात माती भरून पिशव्या केल्या होत्या. साठ-सत्तर तरी असतील. विटांवर ओळीने मांडलेल्या, खाली प्लास्टिक, म्हणजे गच्चीत पाणी मुरायला नको. वांगी, कारली, भेंडी, दोऱ्यांवर चढवलेल्या काकडीच्या वेली. समितीच्या कामात मी याहून चांगली बाग पाहिली नव्हती, आणि तसं मी तिला बोलूनही दाखवलं. ती लाजली. म्हणाली, “शेठ बोलतो, कांबळे, तू चिंधी पण सोडत नाय.” मग जरा गंभीर होऊन म्हणाली, “बाई, पैशाचं मरू दे. मला तुमच्या समितीचा कागद पायजे. सोसायटीवाले बोलतात, कागद दाखवा नायतर गच्ची खाली करा.”

ऐकलंत ना? तिला कागद हवा होता. एक पत्र, शिक्क्याचं. त्यावर ती बाग राहणार की जाणार हे ठरायचं होतं, आणि हे मला तिथं, त्या गच्चीवर उभी असतानाच माहीत झालं होतं.

फोटोत आम्ही दोघंही दिसायला हवे, आणि अण्णा तर वर चढेनात. मग युक्ती सुचली — मलाच सुचली. मी म्हणाले, दहा-बारा पिशव्या खाली नेऊ, तिथंच फोटो काढू. ओल्या मातीच्या पिशव्या! एकेका हातात एक घेऊन ती चार जिने सहा वेळा उतरली. मी मोबाइल घेऊन उतरले. तिने पिशव्या भिंतीला लावून ओळीने मांडल्या, त्या रेघेच्या खाली, आम्ही तिघं शेजारी उभे राहिलो आणि वॉचमनने फोटो काढला. यात माझा काही कावा नव्हता, हे खरं आहे. पण याचं श्रेय मला देऊ नका, पुढचं ऐका.

तिने काकडी आणली. चकत्या केलेली, मीठ-तिखट लावलेली, स्टीलच्या ताटलीत. तिला आमची रीत कुठून तरी कळली होती. अण्णा दोन्ही हात जोडून, अगदी गोड हसून म्हणाले, “आज गुरुवार ना, माझा उपास असतो.” आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, “माझाही.”

तासाभरापूर्वी खाल्लेल्या भज्यांचं तेल अजून बोटांना होतं. आणि ती — तिचा चेहरा पडेल असं वाटलं होतं, तर उलट तो उजळला. “अहो बाई, काकडी तर चालते ना उपासाला! थांबा, मीठ-तिखट न लावता आणते.” आत गेली. नळ सोडल्याचा, सोलल्याचा आवाज आला. अण्णा तोवर गेटपाशी रिक्षा थांबवायला गेलेसुद्धा. मी तिथं उभी. तिने दुसरी काकडी स्वच्छ धुऊन, सोलून, कोरड्या फडक्यात धरून माझ्यापुढे केली. मी काय म्हणावं? “घरी नेऊन खाते.” पर्समध्ये ठेवली. आणि रिक्षातून उतरताना सीटवर ठेवून दिली. विसरले नाही. ठेवून दिली.

पुढच्या आठवड्यात बैठक झाली. आमच्या भागातून पाच नावं द्यायची होती आणि अर्ज सहा. फोटो टेबलावर फिरले. अण्णांनी तिचा फोटो उचलला, रेघेवर पेन टेकवलं. “हे बघा, पुराच्या खुणेच्या खाली आहे सगळं. पहिल्या पाण्यात अनुदान वाहून जाईल.” आवाजात राग नाही, काही नाही. काळजीच होती! समितीतल्या एका निवृत्त नर्सबाईंनी अर्ज पाहिला आणि विचारलं, “पण इथं तर गच्ची लिहिलंय. बाई, तुम्ही वर गेला होतात का?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एक वाक्य पुरलं असतं — त्या पिशव्या मी खाली आणायला लावल्या. किती शब्द होतात? शाळेत मी पोरांना उभं करून समतेवर भाषणं पाठ करून घेतली आहेत. अडखळणाऱ्यांना परत उभं केलं आहे. आणि मी म्हणाले, “गेले होते. वर आहे थोडंफार.”

थोडंफार!

माझं अक्षर चांगलं म्हणून शेरा लिहायला मलाच दिला. ‘लागवड मुख्यतः पूररेषेखाली. शिफारस नाही.’ वळणदार लिहिलं, खाली सही केली. पाचवं नाव त्या चार कुंड्यांचं लागलं.

का केलं? अण्णांनी मला धमकावलं नव्हतं. त्यांचे माझ्यावर उपकार नव्हते. बरीच वर्षं — म्हणजे ही चार वर्षं — मी स्वतःला सांगत होते की भिडस्तपणा नडला. खरं बोलले असते तर फोटोची गोष्ट निघाली असती, त्यातून उपासाची, उपासातून भज्यांची. पण ते पुरतं खरं नाही. खरं असं, की ताटली पुढे आली तेव्हा अण्णांनी माझ्याकडे बघण्याच्या आधीच माझा हात मागे गेला होता. मला तिथं खायचं नव्हतं. माझी आई वेगळा कप ठेवायची, याच्या गोष्टी मी वर्गात हसून, नावं ठेवून सांगितल्या आहेत. आता आईला मध्ये आणायचं काम नाही. हात माझा होता.

महिन्याभराने ती माझ्या दारात आली. सोसायटीने एका सकाळी गच्ची रिकामी केली होती. पिशव्या फाडून माती घंटागाडीत घातली, फळं लागलेल्या वेलींसकट. खिडकीच्या जाळीशी ठेवायला तिला सहा पिशव्या तेवढ्या वाचवता आल्या. तळमजल्याची खिडकी, म्हणजे रेघेच्या खालीच. मी कागदावर जे खोटं लिहिलं होतं, ते असं खरं झालं.

ती भांडायला आली असती तर बरं झालं असतं. मी तयारही होते, उत्तरं जुळवून ठेवली होती. पण ती म्हणाली, “तुम्ही तर वर येऊन बघितलं होतं, बाई. तुम्ही सांगितलंच असणार.” आयतं उत्तर तिनेच माझ्या हातात दिलं. आणि मी — मी ते घेतलं! “हो गं,” म्हणाले, “खूप भांडले. कुणी ऐकलं नाही.” तिने माझा हात धरला, डोळे पुसले, आणि पिशवीतून काकडी काढून दिली. “आज गुरुवार ना, तुमचा उपास.”

तेव्हापासून जाळीवरच्या वेलीला काकडी असेल त्या गुरुवारी ती कामावर जाताना माझी बेल वाजवते. एका वर्षी नदीचं पाणी आत शिरलं, सहाच्या सहा पिशव्या गेल्या. तिने कारखान्यातून पुन्हा जीन्सचे पाय आणले, पुन्हा शिवले. इमारतीत सांगते म्हणे, समितीत एक बाई माझ्यासाठी सगळ्यांशी भांडल्या. आणि मी? जन्मात कधी गुरुवार न केलेली मी, आता दर गुरुवारी उपास करते. भक्तीने नव्हे, ती अचानक आली आणि पोह्यांची बशी दिसली तर, या भीतीने. नवरा चेष्टा करतो, शेजारणी प्रसाद आणून देतात. समितीत मी अजून आहे. अण्णाही आहेत. परवाच त्यांनी विचारलं, “काय बाई, गुरुवार चालू का अजून?” आणि मनापासून हसले. त्या क्षणी ते टेबल त्यांच्या अंगावर उलथावंसं वाटलं. पण शेऱ्यावर सही कुणाची आहे?

काल गुरुवार होता. ती आली. दारातच मी काकडी सोलून तिच्यासमोर खाल्ली, उभ्याउभ्या. तिने विचारलं, “कडू नाय ना निघाली?” मी म्हणाले, नाही. खरंच नव्हती.

जाताना ती दर वेळी म्हणते तेच म्हणाली, “या ना बाई एकदा घरी. निवांत बसू, जेवूनच जा.” मांजर्ली माझ्या घरापासून चालत वीस मिनिटं आहे. मी येते म्हणाले. चार वर्षांत मी एकदाही गेलेले नाही.