शेडमधले तीन तुकाराम

लोणावळ्याच्या इंजिन शेडमध्ये दोन गोष्टी रोज साठायच्या, राख आणि किस्से. राख न्यायला डबे यायचे. किस्से मात्र माझ्याकडेच पडून आहेत, आणि त्यातले निम्मे तरी तीन तुकारामांचे.

तिघेही फायरमन. घाट चढणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिन लावत, त्यावर कोळसा टाकायचं यांचं काम. एक हाक मारली की तिघंही वळायचे. म्हणून मुकादमाने ज्याचं जे व्यसन दिसलं ते त्याच्या नावाला जोडलं: बिडी तुकाराम, चिलीम तुकाराम आणि दारुड्या तुकाराम. तसे शिमग्याला आणि पगाराला बिडी आणि चिलीमही दारू घ्यायचे, पण त्यांचं बारसं आधीच झालेलं!

*

आमच्या साहेबांच्या तोंडात दिवसभर पाइप. त्याला मात्र सगळे शौक म्हणत. एकदा त्यांनी बिडी तुकारामला शेडमागे झुरके घेताना पकडलं आणि सगळ्यांदेखत झापलं, "तुम बिडीवाला लोग गंदा लोग है."

झापता झापता पाइप विझला. साहेब खिसे चाचपू लागले. तुकारामने काडी ओढून पुढे धरली. "घ्या सायेब. काडी गंद्या मानसाची हाय, पन जाळ चांगला हाय."

साहेबांनी पाइप पेटवला आणि गुपचूप ऑफिसात गेले.

*

चिलीम तुकारामचा पाय मुरगळला. दवाखान्यात गेला. कंपाउंडरने नाव विचारलं, यानेही सवयीने सांगून टाकलं, "चिलीम तुकाराम." तासाभराने लंगडत परत आला तो हातात खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन.

"अरे, मग पायाचं काय?"

"नाव ऐकल्यावर पाय बगितलाच न्हाई त्यानं. पन औशिद लय गोड हाय."

*

दारुड्या तुकाराम एके काळी खरंच प्यायचा. राखेच्या खड्ड्यात झोपलेला सापडायचा. मग एका संध्याकाळी त्याच्या लेकीने, शांताने, बापाचं ताट घरात न वाढता बाहेर ओट्यावर नेऊन ठेवलं. त्यानंतर तुकारामने थेंब घेतला नाही. आम्ही पैजा लावल्या आणि सगळे हरलो.

हाक मात्र तीच राहिली. एकदा मला म्हणाला, "म्या सोडली रं, पन तुमी रोज सकाळी पाजताच की." मला फार वाईट वाटलं. मी मुकादमाशी बोललो. दुसऱ्या दिवशी मुकादमाने मुद्दाम नीट हाक मारली, "तुकाराम धोंडिबा!"

तुकाराम मागे वळून बघत राहिला. मग माझ्या कानात म्हणाला, "कोन, नवा मानूस आलाय व्हय?"

*

पुढे शांताचं लग्न जमायला आलं. तुकारामची बायको स्वतः शेडच्या फाटकाशी आली. "भावजी, उद्या इंदुरीचे पाव्हने येत्यात. पिनाऱ्याच्या घरची पोर करायची न्हाई, असं त्येंचं म्हननं हाय. एक दिस तेवढी ह्येंची हाक बदला." तिचे डोळे भरून आले होते. आम्ही सगळ्यांनी शपथ घेतली, मुकादमाने तर इंजिनावर हात ठेवून.

दुसऱ्या दिवशी मुलाचे आजोबा बगलेत छत्री मारून आधी शेडवरच आले. घरी जाण्याआधी चौकशी करावी म्हणून.

"तुकाराम फायरमन कुटं राहत्यात?"

मुकादम जपून बोलला, "आबा, हितं तीन तुकाराम हायेत. तुमाला कंचा पायजे?"

"जो दारूला शिवत न्हाई, त्यो."

शपथ कुणाच्या ध्यानात राहिली नाही. अख्खी शेड एका तोंडाने म्हणाली, "मंग आमचा दारुड्या!"

मुकादमाने कपाळावर हात मारला. आबांनी पागोटं सारखं केलं, मान खाली घालून उभ्या असलेल्या बिडी आणि चिलीमकडे एकदा नीट पाहिलं, आणि म्हणाले, "चला, त्येचंच घर दाखवा."