आरतीपुरता आवाज

अंबरनाथला आईला स्पीच थेरपीसाठी न्यायचो, तेव्हा पालेगावची एक बाई नवऱ्याला घेऊन यायची. नाव कधी विचारलं नाही. बाकावर बसली की ती त्याचा डावा हात मांडीवर घेऊन त्यावर ताल धरायची.

पक्षाघाताने त्याची वाचा गेली होती. तरी गणपतीत सगळ्यांबरोबर त्याने अख्खी आरती म्हटली. झालं! तिच्या दिराने जाहीर केलं, देव पावला, थेरपी बंद. वर पाहुणे आले की, "दादा, होऊन जाऊ दे आरती!" तो म्हणायचा, पाहुणे हात जोडायचे. त्याला साधं पाणी मागता येत नाही, हे एकालाही दिसलं नाही. बाईने सांगितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. अरे, माणूस आहे की टेपरेकॉर्डर?

थेरपिस्टने तिला समजावलं होतं, पाठ असलेलं गाणं आपसूक येतं, बोलणं येत नाही. पण त्या चालीवर रोजचे शब्द बसवून सराव करता येतो. म्हणून दिराशी भांडून ती त्याला पुन्हा आणत होती.

"देवाशी बोलला, चांगलं झालं," ती म्हणाली, "पन माझ्याशी कवा बोलनार?"

एकदा दीरही आला. आल्या आल्या मला म्हणाला, "ऐका आता. दादा, आरती!" आणि हात जोडून बसला.

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. तिने ताल धरला. आरतीच्याच चालीत, अडखळत, तो म्हणाला, "पा... णी... दे."

दिराचे हात जोडलेलेच.

"हात काय जोडता भावजी?" बाई कडाडली. "उठा, पानी आना!"